एक काठी, दोन हिवाळे

सन्माननीय अध्यक्ष श्री. नेस्टर होल्क, आपल्या गावच्या महापौर आयरिनबाई, व्यासपीठावर बसलेले आइस हॉकी क्लबचे आजी-माजी पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती आणि निवृत्त होणारे आपले प्रशिक्षक श्री. ऑर्व्हिल टेस्मर, त्यांच्या सौभाग्यवती ग्लॅडिस, आणि बाहेर एवढा बर्फ पडत असतानाही गाड्या काढून आलेल्या केल्डनच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

बटाटा भरलेल्या पेरोगी अजून उरल्या आहेत. मागच्या टेबलांवरच्यांनी लाजू नये. मी बोलत असताना खाल्लंत तरी मला राग येणार नाही. रिंकच्या कँटीनच्या खिडकीमागे उभी राहून मी आयुष्यभर लोकांच्या खाण्याकडे बघूनच बोलत आले आहे.

अध्यक्षांनी माझ्यावर आज दोन कामं सोपवली. एक, ऑर्व्हिलबद्दल चार गोड शब्द बोलायचे. दुसरं, माझ्या पाठीमागच्या भिंतीवर टेबलक्लॉथखाली जी पितळी पाटी लावली आहे, तिच्यावरचा कपडा ओढायचा. पाटीवर काय लिहिलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, कारण आपल्या गावात गुपित फक्त वर्षअखेरच्या केकच्या कृतीचंच राहतं. ‘ऑर्व्हिलचं माप. काठी डोक्याच्या वर. एक काठी, दोन हिवाळे.’ आणि क्लबचा ठराव असा, की यापुढेही केल्डनच्या प्रत्येक मुलाला याच मापाने पहिली स्टिक मिळेल. नवे प्रशिक्षकही मान डोलावतायत. त्यांचा काय दोष, ते परवाच आले.

ऑर्व्हिलचं कौतुक करायचं तर खूप आहे. उणे चाळीसमध्ये पहाटे येऊन बर्फावर पाणी कोण मारायचं? ऑर्व्हिल. मुलांच्या स्केट्सच्या नाड्या कोण बांधायचं? ऑर्व्हिल. गाडी बंद पडलेल्या आईबापांना घरी कोण सोडायचं? तेही तेच. हे मी मनापासून म्हणते आहे, ग्लॅडिस, तू माझ्याकडे अशी बघू नकोस.

आता मापाबद्दल. दर ऑक्टोबरात पोरं मोज्यांवर रांगेत उभी राहायची, ऑर्व्हिल क्लबची स्टिक नाकासमोर उभी धरायचे. डोक्याच्या वर चार बोटं गेली की म्हणायचे, “ही तुझी. वाढशील तिच्यात.” आपण सगळे खूश. का नाही होणार? आपण कोट वाढत्या अंगाचे घेतो, बूट वाढत्या अंगाचे घेतो. दोन वर्षं पाऊस रुसला होता, गव्हाने मान टाकली होती, आणि कोणीतरी सांगतंय की हॉकीसुद्धा वाढत्या अंगाची मिळते. शिवाय काठी क्लबची, म्हणून कापायची नाही. कापली तर पुढच्या पोराला काय देणार? हिशेब चोख होता. मीही टाळ्या वाजवल्या.

पण मंडळी, कोट लांब असला तर बाह्या दुमडता येतात. काठी दुमडता येते का?

ज्यांनी कधी बर्फावर पाय ठेवला नाही, अशीही दोन-तीन माणसं इथे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. साध्या बुटांवर उभं राहिलं की काठी नाकापर्यंत यावी. स्केट्स चढवले की तीच हनुवटीला येते. मग पोर गुडघे वाकवून उभं राहतं, काठीचं खालचं पातं बर्फावर सपाट बसतं, आणि रबराची चकती पात्याला चिकटून चालते. काठी लांब झाली की पात्याचं टोक वर उचललं जातं, चकती खालून निघून जाते. वरचा हात पोटावर अडकतो. फटका मारताना काठी वाकायला हवी, तर एवढ्याशा पोराच्या जोराने मोठ्या माणसाची काठी कशी वाकणार? बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की पोराला जमत नाही.

माझा डेल तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला आज बोलावलं होतं, आला नाही. धान्याच्या कोठारावर काम आहे म्हणाला. रविवारी संध्याकाळी तिथे कसलं काम असतं ते शेतकऱ्यांना ठाऊक आहे.

डेल स्केटिंगला वाऱ्यासारखा होता. हे आई म्हणून बोलत नाही. त्याच्यापुढे कोण धावायचं ते आपापल्या मुलांना विचारा. पण चकती त्याच्या काठीखालून सुटायची. तो म्हणाला, “कोच, काठी लांब पडतेय.” ऑर्व्हिल सगळ्या पोरांसमोर हसले. “नाचता येईना अंगण वाकडं. काठीला नावं नको ठेवू डेल, तुझे हातच लाकडाचे आहेत.”

झालं. आपलं गाव लहान, नाव चिकटायला वेळ लागत नाही. लाकडी हात. शाळेत लाकडी हात, दुकानात लाकडी हात. त्याच्या लग्नात नेस्टर, तुम्हीच ग्लास उंच करून म्हणालात ना, की नवरीने अंगठी जपून द्यावी, या हातातून निसटेल? सगळे हसले. तोही हसला. मी त्याच्याकडे बघत होते.

त्या हिवाळ्यात शहरातल्या संघासाठी मुलं निवडायला माणूस येणार होता. आपल्या गावातून एकच जागा. त्याच्या आदल्या महिन्यात एका रविवारी दुपारी रिंक बंद होती आणि मी सूप ढवळायला आत आले होते. माझ्या ओट्याला लागूनच काठ्यांची खोली. आतून करवतीचा आवाज आला. मी डोकावले. ऑर्व्हिल, तुम्ही गुडघ्यात काठी धरून कापत होतात, आणि बाजूला तुमचा नातू कर्टिस मोज्यांवर उभा होता.

मी विचारलं, “काय कापताय?”

तुम्ही म्हणालात, “वरचं टोक फुटलं होतं. तेवढं काढतोय.”

फुटलेलं टोक काढायला नातवाला नाकाशी मापून बघावं लागतं का, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता, पण सूप तळाला लागत होतं.

शहरातून माणूस आला. कर्टिसच्या पात्यावर चकती अशी बसली, जशी बशीवर वाटी. डेल त्याच्या पुढे होता, दोनदा मोकळा होता, दोन्ही वेळा चकती खालून गेली. त्या माणसाने ऑर्व्हिलना विचारलं, “तो वेगवान मुलगा कोण?” मी खिडकीतूनच ऐकलं. ऑर्व्हिल म्हणाले, “पाय आहेत, हात नाहीत.” त्याने वहीचं पान उलटलं. जागा कर्टिसला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मूस जॉला राहणारा माझा भाऊ आला. त्याने डेलच्या शेजारी ती काठी उभी केली आणि मला विचारलं, “व्हर्ना, हा पोरगा हॉकी खेळतो की खळ्यावर पेंढा उपसतो?” त्याने ती तिथल्या तिथे नाकाएवढी कापली. पाणी गोठल्यावर तो पुन्हा आला, तेव्हा आमच्या तळ्यावर डेलने चकती अशी फिरवली की माझ्या भावाला कोट काढावा लागला, एवढा घाम फुटला. डेल हसत सुटला होता. म्हणाला, “आई, ती पात्यालाच राहते गं.” दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन सरावाला आला. तुम्ही काठी हातात घेतलीत, कापलेलं टोक बघितलंत आणि म्हणालात, “क्लबची काठी कापलीस? नियम सगळ्यांना एकच.” दुसरी दिलीत. डोक्याच्या वर चार बोटं. त्याने स्केट्स काढले, माझ्या ओट्यावर ठेवले, आणि परत कधी ते पायात घातले नाहीत.

नियम सगळ्यांना एकच. हेच वाक्य माझ्या घशाखाली आजवर उतरलेलं नाही. तुम्हाला माप ठाऊक नसतं, तर मी आज पाटीवरचा कपडा ओढून पाई वाढायला गेले असते. न कळणाऱ्याला काय बोलायचं? पण तुम्हाला कळत होतं, ऑर्व्हिल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढीच ही गोष्ट आहे. बाब्यासाठी करवत काढलीत आणि आमच्या कार्ट्यांना काटकसर शिकवलीत.

नेस्टर, घड्याळाकडे बघू नका, आटोपतच आलंय. आणि मागे कोण म्हणालं, “जाऊ दे ना व्हर्ना, म्हातारा उद्या मुलीकडे समुद्राकाठी राहायला चाललाय”? तो उद्या चाललाय म्हणूनच आज बोलतेय. पत्र पाठवून अशा गोष्टी होत नाहीत.

माझी नात, डेलची ब्रिन, सहा वर्षांची आहे. येत्या ऑक्टोबरात तिला रांगेत उभं राहायचंय. घरात रोज तोच घोष चाललाय. डेल तिला नाही म्हणत नाही आणि हो पण म्हणत नाही. विषय निघाला की उठून बाहेर लाकडं फोडायला जातो. या पाटीखाली तिला उभी केली, की चार महिन्यांत कोणीतरी म्हणेल, बापाचेच हात आलेत. गाव हसेल. हे मी होऊ देणार नाही.

मला एकच प्रश्न विचारायचाय, तो ऑर्व्हिलना नाही. कर्टिस, तू पहिल्या रांगेत आहेस. तुझा मी कधी राग केला नाही. तू तेव्हा नऊ वर्षांचा होतास, आजोबा सांगतील तिथे उभा राहिलास. तुझा धाकटा यंदा खेळायला लागला. त्याला काठी कोणत्या मापाची घेतलीस?

जरा मोठ्याने सांग बाळा, मागे ऐकू जात नाही.

“नाकापर्यंत, व्हर्ना मावशी.”

धन्यवाद, कर्टिस. आजोबांच्या तोंडावर खरं बोललास.

तेव्हा अध्यक्ष महाराज, हा कपडा मी ओढणार नाही. ज्यांना ओढायचा आहे त्यांनी यावं, पण आपल्या पोराच्या काठीचं माप आधी सांगावं, मग हात लावावा. कोणी उठत नाहीये.

आपण मला इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईच्या हाती माईक दिलात, त्याबद्दल क्लबची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही जास्त बोलून गेले असेन, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि काही कमी बोलले असेन, तर ते पुरं करणारा माणूस इथे माझ्या शेजारीच बसला आहे. ऑर्व्हिल, हा घ्या माईक. डेलच्या हातांबद्दल तुम्हीच सांगा.