न दिलेल्या निरोपाबाबत

जबाब

मी खाली सही करणार, वय ५३ वर्षे, धंदा चष्म्याचे दुकान, राहणार येथून बसने चार तासांवरील शहरात, जुन्या पाण्याच्या टाकीमागे. आज बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता समक्ष ठाण्यात हजर होऊन, कोणी बोलावले नसताना, राजीखुशीने सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, शाळेत कवायतीचे शिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. त्यांना घरीदारी सगळे मास्तर म्हणतात. मीही म्हणतो, म्हणून जबाबात तसेच लिहिले आहे.

आम्ही दोघे गेली नऊ वर्षे दरवर्षी तीन दिवस सायकलने फिरतो. मार्ग मास्तर ठरवतात. मोठे रस्ते सोडून शेतांमधल्या अरुंद डांबरी रस्त्यांनी जायचे आणि तटबंदी असलेली तीन जुनी गावे एका फेरीत घ्यायची, असा तो मार्ग आहे. या रस्त्यांवर दिवसभरात एखादा ट्रॅक्टर भेटला तर भेटतो. तटाच्या आत फरशी उखडलेली असल्याने सायकल हातात धरून चालावे लागते. हे आपले गाव त्या तीन गावांपैकी दुसरे.

विचारल्यावरून सांगतो की, मास्तर कायम पुढे असतात आणि मी मागे. चढ संपला की ते थांबतात आणि शाळेतली शिट्टी वाजवतात. ‘काय चष्मेवाले, आलात का? मला वाटलं दुकान उघडायला परत गेलात,’ असे म्हणतात. त्यांच्या मनात वाईट काही नसते. नऊ वर्षे मी त्यावर हसत आलो आहे.

शनिवारी आमचा दुसरा दिवस होता. त्या दिवशी माझे मागचे चाक दोनदा पंक्चर झाले. दुसऱ्या वेळी मी घाईत ट्यूब टायरखाली चिमटवली, त्यामुळे काम पुन्हा करावे लागले. शिवाय माझा पुढचा दिवा चार्ज करायचा राहून गेला होता. मुक्कामाचे गाव येथून एकवीस किलोमीटर आहे. अंधार पडण्याच्या आत पोहोचणे माझ्या दिव्यामुळे भाग होते, हे मास्तरांनी दोनदा बोलून दाखवले.

साडेचारच्या सुमारास आम्ही गावाअलीकडच्या उतारावर होतो. आभाळ भरलेले होते, पण रस्ता कोरडा होता. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेते होती. उताराच्या तळाला मोरी आहे आणि तेथे रस्ता वळतो. मास्तर माझ्यापुढे सुमारे तीस मीटर होते. मोरीजवळच्या पायवाटेवरून मयत गृहस्थ काठी व कापडी पिशवी घेऊन रस्त्यावर आले. वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर. मास्तरांनी ओरडून ब्रेक दाबले. सायकल घसरली आणि हँडलचे टोक गृहस्थांच्या डाव्या कुशीत लागले. दोघेही पडले. मास्तरांचा वेग जास्त नव्हता. चूक कोणाची, हे मला सांगता येणार नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

गृहस्थ आपले आपण उठून बसले. रक्त कोठेही नव्हते. मास्तरांचा गुडघा फुटला होता, तो पाहून तेच म्हणाले, ‘तुम्हालाच लागलंय की. मला काही नाही झालं. श्वास तेवढा अडकलाय.’

मास्तर म्हणाले, ‘काका, दवाखान्यात जाऊ या. गाडी मागवतो.’

‘दवाखाना कशाला? चार पावलांवर घर आहे माझं.’

पिशवीतून मुळे सांडले होते, ते मी गोळा करून दिले. मग मास्तरांच्या सायकलच्या सीटवर एक हात ठेवून ते आमच्याबरोबर चालू लागले. वेस तेथून अर्धा किलोमीटर असेल. वाटेत त्यांनी सांगितले की वेशीवरच्या घड्याळाला चावी देण्याचे काम त्यांनी एकतीस वर्षे केले आणि आता ते विजेवर चालते व रोज चुकते. मास्तर म्हणाले, ‘काका, डबल सीट घेऊ का?’ त्यावर ते हसले आणि कूस धरून थांबले.

वेशीबाहेर तटाला लागून दगडी ओटा आहे. तेथे बसल्यावर ते म्हणाले, ‘आता चढ नाही चढवत. माझी लेक आत राहते. वेशीतून गेलं की डाव्या हाताला चौथं दार, गिरणीच्या समोर. तिला म्हणावं, बाबा खाली बसलेत, हातगाडी घेऊन ये. आणि घाबरू नको म्हणावं. ती फार घाबरते.’

मास्तर त्यांच्याजवळ थांबले. मी सायकल घेऊन आत गेलो. तेव्हा वेशीच्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटे दिसत होती, माझ्या घड्याळात पाच वाजायला पाच.

चौथे दार लगेच सापडले. गिरणी बंद होती. गल्लीत माणूस नव्हते. मी दार वाजवले. आत शिलाई मशीन चालू होते. मशीन थांबले नाही. मी उभा राहिलो. विचारल्यावरून सांगतो की, पूर्ण एक मिनिटही नसेल. मी दुसऱ्यांदा दार वाजवले नाही. हाक मारली नाही. शेजारी विचारले नाही. खिडकी उघडी होती, तिच्यातून डोकावता आले असते. डोकावलो नाही.

कारण विचारल्यावरून सांगतो की, तेवढ्यात खालून मास्तरांची शिट्टी ऐकू आली. त्या दिवशी ती सातव्यांदा का आठव्यांदा वाजत होती. मी परत वळलो.

ओट्याजवळ पोहोचताच मास्तरांनी विचारले, ‘भेटली का?’

मी म्हणालो, ‘हो. सांगितलं. येतेय.’

हे मी त्या गृहस्थांच्या समोर, त्यांच्यापासून चार फुटांवर उभा राहून म्हणालो. ऐकून त्यांनी काठी बाजूला ठेवली व पाठ तटाला टेकली. म्हणाले, ‘मग निघा तुम्ही. उशीर होईल. ती आली की मला काही काळजी नाही.’ मास्तर म्हणाले, ‘ती येईपर्यंत थांबतो ना.’ त्यावर मीच म्हणालो, ‘अहो, येतेच आहे ती. माझ्याकडे दिवा नाही.’ मास्तरांनी आपली पाण्याची बाटली काढून त्यांच्याजवळ ठेवली. आम्ही निघालो.

पुढचा रस्ता गावातूनच जातो. वेशीतून आत जाऊन आम्ही सायकली हातात धरून त्याच गल्लीने वर गेलो. चौथ्या दारावरून जाताना मशीन चालूच होते. मास्तर पुढे होते, ते गिरणीची पाटी वाचत होते. मी थांबलो असतो तर मघाशी खोटे बोललो हे त्यांना कळले असते. मी थांबलो नाही. त्या घरापासून वरच्या वेशीपर्यंत चालत सहा-सात मिनिटे लागतात. त्या वेळात केव्हाही मागे फिरता आले असते.

मुक्कामाला आम्ही उजेड असताना पोहोचलो. जेवताना मास्तर म्हणाले, ‘काकांचा नंबर घ्यायला हवा होता. विचारपूस तरी केली असती.’ मी म्हणालो, लेक आहे ना जवळ. रविवारी संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी पोहोचलो.

सोमवारी या ठाण्यातून मास्तरांना फोन गेला. त्यांच्या बाटलीवर शाळेचे नाव होते, त्यावरून तपास लागला असे कळते. मास्तर त्याच दिवशी येथे आले. धक्का आपल्याच सायकलचा लागला, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. तसेच, ‘साडूंनी मुलीला घरी जाऊन निरोप दिला होता, ती येते म्हणाली होती,’ असेही लिहून दिले. ते खोटे बोललेले नाहीत. त्यांना मी जे सांगितले तेच त्यांनी सांगितले.

मंगळवारी दुपारी मास्तरांनी मला दुकानात फोन केला. गृहस्थ शनिवारी संध्याकाळी सव्वासात वाजता ओट्यावरच मयत सापडले, पोटात आतल्या आत रक्तस्राव झाला होता, दोन तास आधी नेले असते तर कदाचित वाचले असते असे डॉक्टर म्हणाले, हे मला तेव्हा समजले. मास्तरांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, ‘माझ्या हातून माणूस गेला हो. पण ती लेक कसली म्हणायची? निरोप मिळून दोन तास बाप बाहेर बसलेला! आता म्हणते, मला कोणी सांगितलंच नाही. सगळं गाव तिच्या तोंडावर थुंकतंय. तिचा सख्खा भाऊ तिला दारात उभं करत नाही.’

मी ‘हं’ म्हणालो. समोर एक बाई चष्म्याची काडी घट्ट करून घेत होत्या. ती मी करून दिली.

संध्याकाळी मी पत्नीला एवढेच सांगितले की ते गृहस्थ वारले. तिला बहिणीकडून बाकीचे कळलेलेच होते. ती म्हणाली, ‘तुम्ही तर पाहिलंत ना तिला? काय म्हणाली ती तेव्हा?’

मी काही बोललो नाही.

ती म्हणाली, ‘दिसायला कशी आहे?’

मी ताटे घ्यायला लागलो. पत्नीने गॅस बंद केला. मग म्हणाली, ‘ताईला काय वाटेल, भाऊजींना काय वाटेल, ते मी बघते. तुम्ही उद्या पहिल्या बसने जा.’

त्याप्रमाणे आज सकाळी मी बसने आलो. ठाण्यात येण्याआधी मयताच्या मुलीच्या घरी गेलो. दार तिनेच उघडले. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात मोजपट्टी. ती शाळांचे गणवेश शिवते. तिला मी त्या वेळी पहिल्यांदा पाहिले.

‘मी सायकलवाला,’ मी म्हणालो. ‘निरोप घेऊन आलेला.’

‘म्हणजे आला होतात तुम्ही?’

‘आलो होतो.’

‘मला सांगितलंत?’

‘नाही. दार वाजवलं आणि गेलो. त्यांना खोटंच सांगितलं, तुम्ही येताय म्हणून.’

ती खाली उंबऱ्यावर बसली. मला वाटले होते, ती ओरडेल. ती म्हणाली, ‘दोन दिवस मी माझी मलाच विचारतेय. मशीनच्या नादात कुणी येऊन सांगून गेलं असेल, आणि मी मान वर न करता हो म्हटलं असेल. माझी ती खोडच आहे. आधी म्हटलं, कुणी सांगितलंच नाही. भावाने पुन्हा विचारलं तेव्हा म्हटलं, मला आठवत नाही. आठवत नाही म्हटल्यावर मग संपलंच. बाबांनाही असंच वाटलं असेल ना, की ही येते म्हणाली आणि आली नाही?’

याचे उत्तर मी दिले नाही. उत्तर हो असे आहे.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘मला सांगून काय होणार? मला तर आता कळलंच. जिथे लिहून घेतात तिथे सांगा, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगा.’ मग तिने चप्पल घातली आणि माझ्याबरोबर निघाली. वाटेत भावाच्या दारावर थाप मारली. ‘ठाण्यात चल,’ एवढेच ती म्हणाली. तो आला. गिरणीवाले आणि आणखी दोघे-तिघे पाठोपाठ आले.

माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मास्तरांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना ते मी अजून सांगितलेले नाही. येथून बाहेर पडल्यावर फोन करणार आहे.

हा जबाब अंमलदारांनी लिहून झाल्यावर मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून तो खोलीचे दार उघडे ठेवून, मोठ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. बाहेरच्या बाकावर मयताची मुलगी व मुलगा बसले होते, गल्लीतले लोक उभे होते. मधे मुलाने एक भाग पुन्हा वाचायला सांगितला, तो पुन्हा वाचला. सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. त्यात काही कमी करायचे नाही.

सही