मैदानावरचा पाच दिवसांचा गणपती

लिहून घेताय ना? मग आधी हे लिहा, की कबड्डीच्या कोचनं कोकणातल्या पोरींचा संघ घेऊ नये, आणि घेतलाच तर गणपतीत मॅच घेऊ नये. माझं अख्खं आयुष्य या एका भानगडीत गेलं. जन्म माझा घोडपदेवचा, गाव कणकवलीकडे, वडील गिरणीत, खोली एवढीशी, त्यामुळे खोलीपेक्षा चाळीच्या मैदानातच वाढलो म्हणा. खेळायचो बरा, फार बरा नाही, चढाईला गेलो की घाड्याचे पाय कमी आणि तोंड जास्त चालतं असं आमचे उस्ताद म्हणायचे. पुढे परळच्या एका कॉलेजात क्लार्क म्हणून चिकटलो, तेव्हाचे प्रिन्सिपल म्हणाले, घाडी, तुम्ही कबड्डी खेळता ना, मुलींचा संघ जरा बघा. जरा म्हणाले हो. ते जरा अजून चालू आहे. रिटायर झालो, गुडघे गेले, तरी संध्याकाळ झाली की आमची ही पिशवीत शिट्टी आणि पाण्याची बाटली टाकून देते, म्हणते, जा, माझ्यावर ओरडण्यापेक्षा तिकडे जाऊन ओरडा.

आता भानगड काय ते सांगतो. कॉलेजांच्या मॅचेस नेमक्या गणपतीच्या सुट्टीत, का, तर ग्राउंडं मोकळी असतात. आणि माझ्या पोरी सगळ्या कोण, तर राणे, परब, तावडे, गुरव. गणपती आला की चालल्या गावाला. वर्षभर घासून संघ उभा करायचा आणि ऐन मॅचला माझ्यासमोर चार टाळकी, त्यातल्या दोघी राखीव. घरोघरी जायचो मी, घोडपदेव, नायगाव, लालबाग. आयाबाया चहा द्यायच्या, होय सर, बरोबर सर, थांबवतो ना सर म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. काय सांगू तुम्हाला, एकदा तर कप अजून माझ्या हातात आणि आतल्या खोलीत बॅगा भरण्याचा आवाज येतोय.

तर गेल्या वर्षी नवीन प्रिन्सिपल मॅडम आल्या, मला बोलावलं, बसा म्हणाल्या, तेव्हाच ओळखलं काहीतरी आहे. म्हणाल्या, सर, तुमचा संघ दरवर्षी अर्धा येतो आणि हरतो, या वेळीही तसंच झालं तर ते मैदान आपण टर्फला देऊन टाकू, बाहेरचे लोक भाड्यानं खेळतील. मैदान म्हणजे ती लाल माती हो, आधीच चाळी पाडून टॉवर उभे राहिले, पोरींना खेळायला परळात तेवढा एकच तुकडा उरलाय. मी घरी आलो, जेवलो नाही. ही म्हणाली, चिडून काय होणार, पोरी थांबतील असं काहीतरी करा. मी म्हटलं, त्या माझ्यासाठी थांबत नाहीत, देवासाठी जातात. आणि बोलता बोलता डोक्यात आलं, मग देवच इथे आणू.

मैदानाच्या कडेला आमची सामानाची खोली आहे, तिथेच बसवला गणपती, पाच दिवसांचा, पोरींचा म्हणून. आणि बघा चमत्कार, खेळासाठी पोरगी ठेवा म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या त्याच बायका म्हणाल्या, देवाचं आहे ना सर, मग राहू दे, मावशीकडे झोपेल. सगळा संघ हजर. सायली तावडे माझी कॅप्टन, ती तर सकाळची आरती झाल्याशिवाय सरावाला येईना, पण आली. मी स्वतःवर इतका खूश, विचारू नका.

एकेक मॅच जिंकत फायनलला पोचलो. फायनल पाचव्या दिवशी सकाळी, आमच्याच मैदानावर. संध्याकाळी विसर्जन. सगळं हिशेबात. पण मैदान होतं ओलं, पंच आले, पाय दाबून बघितला, म्हणाले संध्याकाळी घेऊ. संध्याकाळी म्हणजे नेमकं विसर्जनाच्या वेळी. मी पोरींना म्हटलं, बाप्पा जरा थांबेल, मॅच झाली की नेऊ. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सायली म्हणाली, सर, देव दारात ताटकळत ठेवून आम्ही नाही उतरणार. मी म्हटलं, मग वॉचमनला न्यायला सांगू. ती म्हणाली, बसवला तुम्ही, पूजा तुम्ही केली, पोचवायचा पण तुम्हीच. मी ओरडलो, हातपाय आपटले, फायनल आहे गं, कोच कुठे म्हणून विचारतील. एक हलली नाही. माझाच डाव माझ्या अंगावर, आणि मैदानच पणाला लागलेलं.

शेवटी गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो. पोरी खेळाच्या कपड्यात, ही आरतीचं ताट घेऊन. म्हटलं, बा देवा म्हाराजा, आज ही तुझी चेडवा मैदानात उतरतत, त्यांच्या हातापायाक काय्येक होव नये रे म्हाराजा. पोरी म्हणाल्या, होय म्हाराजा. चुकला माकला पोटात घाल रे म्हाराजा. होय म्हाराजा. एवढं म्हटलं आणि मूर्ती उचलून चालायला लागलो. तलावावर विसर्जनाच्या रांगेत उभा राहिल्यावर लक्षात आलं, अरे, जिंकव म्हणून सांगायचंच राहिलं. हिला म्हटलं तर म्हणाली, आता त्याला परत कशाला त्रास देता.

रांग ही एवढी. फोन खिशात वाजतोय आणि हातात पाट. ही काही फोन काढेना, म्हणते देवाच्या वेळेला फोन नको. जीव टांगणीला लागला होता माझा. विसर्जन करून, रिकामा पाट काखेत मारून मैदानावर आलो तर गुलाल, आणि मॅडम पोरींबरोबर फोटो काढतायत. एका गुणानं जिंकल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, टर्फ नको आता, मैदान राहू दे. मी रडलो, खोटं कशाला सांगू.

सायलीला म्हटलं, कसं जमलं गं मी नसताना? ती म्हणाली, सर, रागावू नका, पण आज पहिल्यांदा आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू आलं.

घ्या. आयुष्यभर मैदानाच्या रेषेवर बसून घसा फोडला त्याचं हे फळ. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. मग गेलो, बाकावर बसलो, शिट्टी पिशवीतच ठेवली, आणि खरंच, पकड घेताना त्या एकमेकींना हाका मारतात, छान मारतात, मला कधी कळलंच नव्हतं.

यंदाही गणपती मैदानावर आहे, आणि फायनल पुन्हा विसर्जनाच्याच संध्याकाळी, मी कोणाला काही म्हणत नाही आता. या पोरी सुखरूप राहोत, ती माती राहो, बास. गाऱ्हाण्यात एकच जास्तीचं घालणार आहे, घाड्याक गप रवाची बुद्धी दी रे म्हाराजा. आणि बघाच तुम्ही, पोरी तिथेच सगळ्यात मोठ्यानं म्हणतील, होय म्हाराजा.