छातीतली गाठ पायात उतरली

मूळ आमी हट्टा गावचेच, भाऊ. बाप लचक काढायचा, आजा हाडं बसवायचा, आन मी तर अख्ख्या वसमत तालुक्याचे पाय चोळले म्हना ना. बैल लंगडला तरी लोकं मलाच हाक मारत. हाताला गुण हाय म्हनायचे, मला बी तसंच वाटायचं, खोटं काहून बोलू.

मंग खोकला लागला, खोकल्यात रगत पडलं, नांदेडला तपासलं तर फुफ्फुसात कॅन्सरची गाठ. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई, तरी. तिथल्या डॉक्टरीणबाईनं गाठीचा तुकडा तपासायला धाडला, म्हनल्या, काका, तुमच्या गाठीच्या पेशीत एक बदल सापडलाय, त्याच्यावर गोळी हाय हे चांगलं, पन असल्या कॅन्सरात रक्त लवकर गोठतं, तुमच्या रक्ताची तपासणी बी तेच सांगून राहिली, तवा एक पाय सुजला का तसेच उठून या. मी व्हय व्हय म्हनलं आन इसरलो. माझी बायको कौसा, तिनं मातर ध्यानात ठेवलं.

आन काय सांगू तुमाला, एका सकाळी डावी पोटरी टम्म, गरम, दाबली का ठणके. मी तर हरखलोच! म्हनलं कौसे, छातीतली गाठ पायात उतरली, तिथं वर हात पोचत नव्हता, आता आली माझ्या तावडीत, चोळून चोळून जिरवतो बघ. तेल गरम केलं, तळहाताला लावलं, तर ह्या बाईनं वाटी हिसकली आन अंगणात भिरकावली. पायाला हात लावाल तर माझं मेलं तोंड बघाल, म्हनली. मी शिव्या घालून राहिलो, ती जीपवाल्याला घेऊन आली बी.

नांदेडला पायाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हनल्या, काका, ही ती गाठ न्हाईच, ही रक्ताची गुठळी हाय, शिरेत अडकलेली, चोळली असती तर सुटून फुफ्फुसात जाऊ शकत होती, मंग जीवच गेला असता. जिंदगीत पहिल्यांदा मला माझ्याच हाताचं भ्या वाटलं.

मंग रक्त पातळ करायची इंजेक्शनं, पोटात. कौसानंच टोचली, पदर खोचून, काय तिचा रुबाब! पायाची सूज उतरली, गोळीनं छातीतली गाठ बी बारीक झाली. परवा जवळा बाजार गावचा आठवडी बाजार पायी हिंडलो, लोकं बघतच राहिले. आता कोनाचा एकच पाय सुजला आसंल तर मी हात लावत न्हाई, आधी दवाखाना म्हनतो. लोकं रागावतात, रागावू द्या.

पुढचं डॉक्टरीणबाई बी सांगत न्हाईत, मी बी इचारत न्हाई. कौसा बघा, चुलीपाशी ऐकून हसून राहिली. मी जित्ता हाय तो तिच्या दांडगाईनं. तिला माझं बी आयुष्य लागो, आन ती आशीच माझ्यावर वरडत राहो.