हवालदाराला म्या काय सांगितलं

माहेर अन् सासर माझं एकाच गावात, येरमाळ्याच्या अलीकडं. आमी दोघंच भावंडं, मी थोरली अन् दत्ता धाकटा. मालक गेल्यापासून पिठाची गिरणी मीच चालवते, आई माझ्याजवळच.

दत्ता लई तापट. बांधावरच्या भांडणात त्यानं शेजारच्या रानातल्या शालनच्या नवऱ्याच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला, माणूस जागेवर गेला. जन्मठेप झाली. व्हय, चुकलंच त्याचं, म्या कवा झाकलं न्हाय. पण मागनं आईला लकवा मारला अन् तिनं एकच धोशा लावला, दत्ताला दाखवा, दत्ताला दाखवा. त्यानं जेलातून पॅरोलचा अर्ज टाकला अन् राहायचा पत्ता माझा दिला. हवालदार चौकशीला आला तो थेट गिरणीत, बाया डबे घेऊन रांगेला. म्हणला, मावशी, भाऊ महिनाभर सुटून आला तर ठेवून घेता का, तुमची सही लागती. गावात आधीच चर्चा, असल्याला सोडतेतच कसं, आपल्या लेकीबाळी हायत. अन् माझ्या लेकीचं लगीन जमत आलेलं. काय सांगू तुमाला, म्या गिरणी बंद केली अन् समद्यांना ऐकू जाईल असं बोलले, न्हाय ठेवत, खुनी माणूस हाय, गावाला धोका हाय, लिहून घ्या. सही केली. बाया म्हणल्या, बरं केलंस सुमन. खोटं कशाला बोलू, मला तवा बरंच वाटलं.

मग हवालदार शालनकडं गेला. ती म्हणली, माझं माणूस काय माघारी येत न्हाय, म्हातारीला लेकाचं तोंड बघू द्या, माझी हरकत न्हाय. हे मला तिच्या जावेनं सांगितलं. पण ठेवून घेणारं कुणी न्हाय म्हणून अर्ज फेटाळला.

औंदा शिक्षेत सूट मिळून दत्ता कायमचा सुटला. लेक नांदायला गेलेली, तवा कुठं म्या त्याला घरात घेतलं. त्यानं आईचे पाय धरले, तर आई म्हणती, कोण पाव्हणं तुमी? तिला आता काही उमगत न्हाय. लई रडला. मग मला म्हणला, आक्का, तवा शालननं हरकत घेतली आसंल, तिचंबी बरोबरच हाय, तू एकली माझ्या बाजूनं ऱ्हायलीस.

म्या उठून त्याच्यासाठी भाकरी थापायला घेतली.

आता गिरणीत पोती तोच उचलतो. काही बाया त्याच्या हातनं डबा घेत न्हाईत, याला लवकरच सोडलं म्हणतेत. शालन आली की तो मान खाली घालून मागच्या दारानं जातो. ती डबा ठेवती, माझ्याकडं बघती अन् वाटंला लागती. आज सांगीन त्याला, उद्या सांगीन, असं करत दिवस चाललेत, जीभच उचलत न्हाय. तुमी पेपरात लिहिता न्हवं, तर हे लिहाच. जेलात वाचायला शिकलाय तो.