डेल्मरकडे तोंड केलेला भोंगा

...तर एवढंच म्हणतेय साहेब, ते बटण चालू करून या — रोज बाराला भोंगा वाजतो, जरासाच अवकाश आहे, आणि तुम्ही भोंगा तपासायला येऊन त्याच्या बटणाला बंदीची लाल पट्टी बांधून माझ्याच हॉटेलात माझीच चेरी-पाई हाणताय. मापं घेतल्याशिवाय वाजवायचा नाही? मग मापं मला विचारा ना. अग्निशमन दलात भोंगा बघते ती मीच, लवॉन — बाकीच्या गड्यांना शिडी नुसती दाखवली तरी घेरी येते.

भोंग्याला खिडक्या कमी का म्हणता? अहो, आत चाक फिरतं, त्याच्या कडेला खिडक्या, भोवतीच्या डब्यालाही खिडक्या — समोरासमोर आल्या की हवा सुटते, सरकल्या की कोंडते, सूट-कोंड, सूट-कोंड, तोच तर आवाज. खिडक्या वाढवल्या की आवाज होतो किनरा, वेशीवरच दमतो. आमचा जाडा आहे, वळूसारखा, मक्यातून मैलभर चालत जातो. आणि चाक नि डबा यांच्यातली फट — आधी बोट जाईल एवढी होती, सगळी हवा गळायची. मी बेअरिंग बदलून ती पत्त्याच्या जाडीएवढी केली. त्या दुपारी पाद्रीबाबांची कवळी सूपात पडली आणि त्यांच्या कोंबडीने उकडलेलं अंडं घातलं — हसू नका, मी स्वतः मीठ लावून खाल्लंय.

कर्णा? कर्ण्याने आवाज एका अंगाला गोळा होतो, पुढे दणका, मागे कुजबुज. तो गावाकडे पाठ करून का बसलाय — वाऱ्याने फिरला. बरं, वाऱ्याने नाही, पान्याने. माझ्या. गावाचं काय? वादळाचा इशारा म्हणून भोंगा वाजला तरी गाव तळघरात थोडंच जातं, अंगणात खुर्च्या टाकून वादळ बघतं — तुम्ही नेब्रास्काचेच ना? आणि कर्ण्याचं तोंड आहे तिकडे, शेतात, माणसं आहेत की. किती म्हणजे... एक. डेल्मर कुचेरा. कान ट्रॅक्टरने खाल्लेत, घड्याळ घालत नाही, फोन घरी पावाच्या डब्यात ठेवतो. भोंगा ऐकला की ट्रॅक्टर सोडून इथे जेवायला येतो, नाही ऐकला तर राहील बिचारा उपाशी. विधुर माणूस — मी आपली माणुसकी म्हणून. हे ओठांना? चेरी लागलीय.

बरं, लिपस्टिक आहे. झालं समाधान? चार वर्षं तो माझ्या हातचा खिम्याचा मीटलोफ खातो, 'बरं झालंय' म्हणतो नि टोपी घालून जातो. आज मी विचारणार आहे — शनिवारी पोल्का नाच आहे हॉलमध्ये, येतोस का माझ्याबरोबर. सकाळपासून आरशासमोर चारदा विचारून झालं, आरसा हो म्हणाला. उद्या परत हिंमत व्हायची नाही, साहेब. कर्णा उद्या गावाकडे फिरवते, मोटर काढून न्या, मलाच टांगा त्या खांबावर — पण आज बाराला एकदा वाजू द्या. एकदाच.

काय बघताय बाहेर? धूळ उडणारच, रस्ता कच्चा आहे... किती वाजले? वाजून गेले? आणि भोंगा तर... मग हा कसा काय आला? ट्रक त्याचाच. अगं बाई, शर्टाला इस्त्री आहे. केस विंचरलेत पाणी लावून. भोंग्याशिवाय आला हो हा — साहेब, उठा. ती खुर्ची त्याची. ताटली घेऊन जा, काटाही न्या, लाल पट्टी राहू द्या नाहीतर काढा, कर्णा चंद्राकडे फिरवा हवं तर. मागच्या दाराने. अहो, निघा ना.