दाराखालची जाळी

दिनांक १८ जानेवारी १९६३, वेळ सकाळी ११ वाजता, ड्युसेलडॉर्फ.

मी, सौ. वसुधा श्रीरंग टिपणीस, वय २३ वर्षे, काम घर सांभाळणे, मूळ राहणार सातारा, हल्ली मुक्काम ऱ्हाईनकाठचा कॅम्पिंगप्लाट्झ म्हणजे सुट्टीच्या गाड्यांचा तळ, गाडी क्रमांक १४, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते ते असे. मला जर्मन बोलता येत नाही. म्हणून आखेनला संशोधन करणारे विद्यार्थी श्री. यशवंत पाटणकर दुभाषी म्हणून बसले आहेत. माझं सांगणं ते आधी मराठीत उतरवतात आणि मग अधिकारी श्री. होल्टकांप यांना जर्मनमध्ये सांगतात.

माझे यजमान यंत्रांच्या एका कारखान्यात शिकाऊ इंजिनिअर आहेत. मी गेल्या ऑगस्टमध्ये इथे आले. त्यांची आधीची खोली एकट्या माणसासाठी होती, मालकीणबाई जोडप्याला नको म्हणाल्या. कारखान्याची जागा एप्रिलमध्ये मिळणार आहे. तोवर त्यांच्या साहेबांनी स्वतःचा वोनवागेन राहायला दिला. सुट्टीत मोटारीमागे जोडून नेतात ती ही गाडी. आत चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. उन्हाळ्यासाठी केलेली आहे, भिंती पत्र्याच्या आणि पातळ फळीच्या.

नोव्हेंबरात यजमानांनी भिंतींना आतून काचेच्या लोकरीची पट्टी लावली, त्यावर पुठ्ठा ठोकला. चाकांच्या भोवती फळ्या उभ्या करून मधे पेंढा भरला, म्हणजे खालून वारा येऊ नये. जमिनीवर वर्तमानपत्रांचे सात थर आणि वर सतरंजी घातली. तरी सकाळी खिडकीला आतून बर्फ असतं. आमच्या श्वासाचं पाणी होऊन ते भिंतीवर गोठतं. गादी रोज उभी करून वाळवावी लागते, नाहीतर खालून भिजते. ते काम माझं.

आमच्याकडे गॅसची शेगडी आहे. छताला हवेसाठी एक झाकण आहे. यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कितीही थंडी वाजली तरी हे झाकण बंद करायचं नाही. शेगडी पेटलेली असताना तर नाहीच." मी ते कधी बंद केलं नाही.

यजमान सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघतात. संध्याकाळी सात वाजता येतात. दिवसभरात मी कोणाशी बोलते, असं विचारल्यावरून सांगते की शेजारच्या गाडीतल्या फ्राऊ लिंडनर या बाईंशी. त्यांना मराठी येत होतं का, असं विचारलं. नाही. इंग्रजी? नाही. मग काय बोलत होता, असं विचारलं. त्या त्यांचं बोलत, मी माझं बोले.

हिवाळ्यात त्या तळावर आम्ही आणि त्या एवढेच होतो. बाकीच्या गाड्या कुलूपबंद होत्या. फ्राऊ लिंडनर यांचं वय सत्तरच्या वर होतं. त्या आता पोलंडात गेलेल्या ब्रेसलाऊच्या. लढाईनंतर तिथून निघाल्या, एवढं यजमानांनी त्यांना विचारून मला सांगितलं. मुलगा पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. बर्लिनला भिंत झाल्यापासून त्याला इकडे येता येत नाही. त्याचा फोटो त्यांनी मला पुष्कळदा दाखवला. फोटो दाखवताना दरवेळी त्या त्याचं नाव सांगत, जणू मी पहिल्यांदाच बघते आहे. मीही दरवेळी पहिल्यांदा बघितल्यासारखं बघे.

त्यांच्याकडे गाडी तापवायला लोखंडी बंब होता. त्यात कोळशाच्या विटा जाळत. मी रोज दहाच्या सुमारास जाई. त्या कॉफी देत, मी घरून काहीतरी नेई. साबुदाणा वड्याला त्या हसल्या होत्या, पण खाल्ला. मला त्या 'किंड' म्हणत. त्याचा अर्थ मूल असा आहे, हे मला यजमानांकडून कळलं.

मंगळवार दिनांक १५ रोजी वारा फार होता. दुपारी तीनच्या सुमारास मी त्यांच्याकडे गेले. त्या पलंगावर बसल्या होत्या, अंगात कोट होता. मोजे काढून त्यांनी पाय दाखवले. बोटं निळसर झाली होती. त्यांच्या दाराला खालच्या अंगाला वीतभर रुंद जाळी आहे. तिथून वारा शिट्टीसारखा आत येत होता. त्यांनी जाळीकडे बोट केलं आणि "काल्ट, काल्ट," म्हणजे थंड, थंड, म्हणाल्या. मग हाताने बंद करण्याची खूण केली. त्यांना वाकता येत नव्हतं.

मी आमच्या गाडीत परत गेले. माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या परकराचा तुकडा आणला. तो दुमडून जाळीत बसवला. कडेने फट राहिली होती, तिथे चमच्याच्या दांड्याने आत ढकलला. वारा यायचा थांबला. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मी चार वाजता निघाले. बंब चालू होता.

बुधवारी दहा वाजता मी दार वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. चिमणीतून धूर नव्हता. मी तळाचे रखवालदार यांना बोलावून आणलं. त्यांनी दार उघडलं. फ्राऊ लिंडनर पलंगावर झोपलेल्या होत्या. चेहरा गुलाबी दिसत होता, म्हणून मला वाटलं ऊब मिळाली. मी त्यांना हाक मारली. रखवालदारांनी मला बाहेर उभं राहायला सांगितलं. मी बाहेर उभी राहिले.

काल दोन पोलीस आमच्याकडे आले. त्यांनी ते फडकं दाखवून कोणाचं म्हणून विचारलं. यजमान म्हणाले की माझ्या बायकोने त्यांना फरशी पुसायला दिलं होतं, पुढे म्हातारीने काय केलं आम्हाला माहीत नाही. पोलीस गेल्यावर यजमान मला म्हणाले, "अगं, आपण परके आहोत. परत पाठवतील. तू तेवढंच सांग." मी म्हटलं, "अहो, पण ते मी लावलं ना." आज सकाळी त्यांनी माझ्या कोटाची बटणं लावून दिली.

यजमानांनी सांगितलं ते खरं नाही. फडकं मी फरशीसाठी दिलं नव्हतं. ते मी स्वतः जाळीत बसवलं.

पेटत्या शेगडीच्या खोलीत हवेला वाट ठेवावी लागते हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं विचारलं. ठाऊक होतं. आमच्या झाकणाबद्दल ठाऊक होतं. ही जाळी त्याचसाठी आहे हे मनात आलं का, असं विचारलं. जाळी बंद करताना एकदा आलं. मग का थांबला नाहीत, असं श्री. पाटणकर यांनी स्वतःच विचारलं. मला 'नाईन', म्हणजे नाही, एवढं म्हणता येतं. का नाही, ते सांगता येत नव्हतं. त्यांचे पाय निळे होते. संध्याकाळी यजमानांना विचारू असं ठरवलं. यजमान आले तेव्हा दमलेले होते, आणि मी विसरले. विसरले हे खरं आहे.

श्री. होल्टकांप यांनी सांगितलं की बंबाच्या धुराच्या नळीतही काजळी आणि बर्फ साचून ती अर्धी बंद होती. कोळशाचा विषारी वायू कोंडून मृत्यू झाला, तो जाळीमुळे की नळीमुळे हे डॉक्टरांना अजून नक्की सांगता आलेलं नाही, नुसत्या नळीनेही झाला असता. ते मी ऐकलं. त्यामुळे माझ्या सांगण्यात फरक पडत नाही.

आणखी काही सांगायचं आहे का, असं विचारलं. मी विचारलं की त्यांच्या मुलाला कोण कळवणार. सरकारी पत्र जाईल असं सांगितलं. त्या पत्रात माझं नाव आणि पत्ता घालावा अशी माझी विनंती आहे. त्याने काही विचारलं तर मी उत्तर देईन. त्या शेवटच्या दिवशी दुपारी त्यांच्याबरोबर कोणीतरी होतं, हेही त्याला लिहावं.

श्री. पाटणकर यांनी माझा हा जबाब मला मराठीत शब्द न शब्द वाचून दाखवला. वाचताना ते म्हणाले, "वहिनी, ते 'जाळी बंद करताना एकदा आलं' काढायचं का? अजून जर्मनमध्ये सांगितलेलं नाही. साहेबांना मराठी कळत नाही." मी नको म्हटलं. वाक्य तसंच ठेवून ते साहेबांना सांगितलं आहे. माझे यजमान बाहेर बाकावर बसले आहेत, त्यांनाही हा जबाब वाचायला द्यावा. मी सांगितलं तेच आणि तेवढंच यात उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

सही : वसुधा श्रीरंग टिपणीस