पाचवी सही

पुतणी : म्हणजे एकोणऐंशीचंच साल ना, काकू? नक्की?

काकू : अगं, विसरेन कशी? माझा मुलगा तेव्हा सहा महिन्यांचा होता. नगरपालिकेची निवडणूक लागली होती. तुझी आई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची.

पुतणी : आणि उभी राहिली.

काकू : बाजारात बायकांसाठी संडास नव्हता म्हणून. भाजीवाल्या दिवसभर घोटभर पाणी प्यायच्या नाहीत. लोक हसायचे, 'संडासाची उमेदवार' म्हणायचे. तीही हसायची.

पुतणी : सह्या कुठे झाल्या?

काकू : माझ्याच स्वयंपाकघरात, तुझे काका घरात नसताना. अर्जावर पाच सूचक लागायचे. चौघी शेजारणी, पाचवी मी. चांगली वळणदार केली होती, मिरवत.

पुतणी : मग अर्ज तपासायच्या दिवशी साहेबाने विचारलं...

काकू : 'ही सही तुमचीच का?' चौघी हो म्हणाल्या. एक तर नवऱ्याचा मार खाऊन आली होती, ओठ सुजलेला. तीही हो म्हणाली. मी नाही म्हणाले.

पुतणी : काकांनी मारलं होतं?

काकू : बोटसुद्धा लावलं नाही. सकाळी माझी ट्रंक दाराबाहेर ठेवली, बाळाला आत नेलं आणि शांतपणे चहा मागितला.

पुतणी : आईचा अर्ज बाद झाला.

काकू : अर्जाचं काय गं! खोटी सही केली म्हणून शाळेनं काढलं तिला. मला एका शब्दानं बोलली नाही. तिथंच म्हणाली, 'जाऊबाई, घरी जा. बाळ भुकेलं असेल.'

पुतणी : मला पोरं 'खोटी सही' म्हणून चिडवायची. आता मी उभी राहिले, तर चौकातल्या भिंतीवर लिहिलंय, 'जशी आई तशी लेक.'

काकू : माहितेय. रंगाचा डबा आमच्याच जिन्याखाली आहे.

पुतणी : दादानं? तुझ्याच लेकानं?

काकू : त्याच्या पक्षाची पोरं. पैसे त्याचे.

पुतणी : काकू, खरं काय ते कागदावर देशील?

काकू : आता कुणासाठी? तुझी आई लोकांचे कपडे शिवता शिवता गेली. तुझे काका मानानं गेले, नगराध्यक्षानं खांदा दिला. ती ओठ सुजलेली माहेरी गेली ती गेलीच. बाकी तिघींनी पुन्हा कशावर सही केली नाही. संडास अजून नाही.

पुतणी : मी आहे ना.

काकू : मी लेकाच्या घरात राहते गं. दोन्ही वेळचं ताट तिथूनच येतं.

पुतणी : राहू दे मग. या वयात तुला कुठे... येते मी.

काकू : बस खाली. आण तो कागद. आणि त्याला हाक मार.

पुतणी : दादाला? फाडून टाकेल तो!

काकू : फाडला तर दुसरा लिहू. त्याच्या देखतच करते. घरच्यांच्या मागं केलेली सही मला नाकारता येते.